दार खुले, वाट मात्र व्हिसाच्या खिडकीतून

ब्रुसेल्सच्या ‘फॉसडेम’ मेळाव्याला जाऊ इच्छिणाऱ्या संगणक अभियंत्यांसाठी पूर्वतयारीचा आराखडा

– प्रतिनिधी

मुक्त संगणक-प्रणालीच्या क्षेत्रात काम करणाऱ्या तरुणांच्या तोंडी एक नाव हमखास असते, ते म्हणजे ‘फॉसडेम’. ‘फ्री अँड ओपन सोर्स सॉफ्टवेअर डेव्हलपर्स युरोपियन मीटिंग’ हे त्याचे लांबलचक नाव. बेल्जियमची राजधानी ब्रुसेल्स येथील युनिव्हर्सिटे लिब्र द ब्रुसेल या विद्यापीठाच्या सोल्बॉश आवारात दोन दशकांहून अधिक काळ हा मेळावा भरतो. करोनाच्या साथीमुळे २०२१ आणि २०२२ या दोन वर्षी तो केवळ इंटरनेटवरून झाला. एरवी जानेवारीचा अखेर किंवा फेब्रुवारीच्या प्रारंभीचा शनिवार-रविवार ठरलेला असतो आणि या दोन दिवसांत आठ हजारांहून अधिक प्रोग्रॅमर तेथे जमतात.

या मेळाव्याला प्रवेशशुल्क नाही आणि पूर्वनोंदणीही नाही. कोणीही यावे, हव्या त्या खोलीत जाऊन बसावे. युरोपातील विद्यार्थ्याला पाठीवर पिशवी टाकून रेल्वेत बसले की झाले. पुण्या-मुंबईच्या, नाशिक-नागपूरच्या तरुणाला मात्र या खुल्या दारापर्यंत पोहोचण्यासाठी बरीच कागदपत्रे, बराच पैसा आणि त्याहूनही अधिक वेळ लागतो. नोंदणीच नसल्यामुळे अन्य परिषदांप्रमाणे नाव छापलेली पावती प्रत्येकाच्या हाती येत नाही आणि व्हिसाच्या अर्जात ‘आपण कशासाठी जात आहात’ या प्रश्नाचे उत्तर देताना नेमकी तीच उणीव जाणवते. ही तयारी कोणत्या क्रमाने करावी, याचा हा आढावा.

आधी प्रश्न : जायचे कशासाठी?

मेळाव्यातील व्याख्याने इंटरनेटवरून थेट दाखविली जातात आणि त्यांची चित्रमुद्रणेही नंतर विनामूल्य उपलब्ध होतात. त्यामुळे केवळ भाषणे ऐकण्यासाठी एवढा खर्च करण्याचे कारण नाही. ज्या प्रकल्पात आपण घरबसल्या योगदान देतो, त्याच्या प्रमुखांना प्रत्यक्ष भेटणे, अडलेल्या प्रश्नावर समोरासमोर बसून चर्चा करणे, आपले काम मांडणे हा या प्रवासाचा खरा लाभ. या क्षेत्रात अगदी नवखे असाल, तर सुरुवात मायदेशातही करता येते. ‘पायकॉन इंडिया’ ही पायथन भाषेची परिषद २००९ मध्ये बंगळुरू येथे सुरू झाली आणि २०११ मध्ये ती पुण्यातही भरली होती. मुक्तस्रोत चळवळीचा ‘इंडियाफॉस’ हा मेळावाही बंगळुरूत होतो. तेथे ओळखी झाल्या, एखाद्या प्रकल्पात वर्ष-दोन वर्षे काम केले, की ब्रुसेल्सची फेरी अधिक सार्थकी लागते.

जाण्याचे नक्की असेल तर शक्यतो वक्ता म्हणून जावे. मेळाव्यात मुख्य व्याख्यानांखेरीज ‘डेव्हरूम’ म्हणजे एकेका विषयाला वाहिलेल्या खोल्या असतात आणि प्रत्येक खोलीचे संयोजक आधीच्या वर्षाच्या अखेरीस प्रस्ताव मागवितात. प्रस्ताव स्वीकारल्याचे पत्र व्हिसाच्या अर्जासोबत जोडता येते आणि कार्यक्रमपत्रिकेत छापलेले आपले नाव हा प्रवासाच्या हेतूचा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो.

वेळापत्रक आपल्या सणांचे

मेळावा फेब्रुवारीच्या तोंडावर असला, तरी तयारी गणपतीच्या सुमारास सुरू करावी. पहिले काम पासपोर्ट पाहण्याचे. युरोपातील शेंगेन गटातून परतण्याच्या नियोजित तारखेनंतर किमान तीन महिने तो वैध असला पाहिजे, तो गेल्या दहा वर्षांत दिलेला असला पाहिजे आणि त्यात किमान दोन पाने कोरी हवीत. मुदत संपत आली असेल तर थांबू नये. मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. पत्ता बदललेला असल्यास पोलीस पडताळणीला लागणारा वेळही गृहीत धरावा.

मराठी कुटुंबांत एक अडचण वारंवार उद्भवते, ती नावाची. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी पद्धत. पासपोर्टवर मधले नाव असते आणि बँकेच्या खात्यात नसते. विवाहित स्त्रीचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि कंपनीचे पत्र सासरच्या नावाचे, असेही घडते. विमानाचे तिकीट, विमा आणि व्हिसाचा अर्ज या तिन्ही ठिकाणी पासपोर्टवरील नाव जसेच्या तसे लिहावे. अन्य कागदांत फरक असेल तर विवाह प्रमाणपत्रासारखा दुवा जोडावा. असा कागद मराठीत असल्यास त्याचे इंग्रजी भाषांतर सोबत द्यावे.

दसरा-दिवाळीच्या दरम्यान प्रस्ताव, रजा आणि पैशांची जमवाजमव उरकावी. दिवाळीनंतर व्हिसा केंद्रातील भेटीची वेळ घ्यावी. नियमानुसार प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो करावाच लागतो. पण हे पंधरा दिवस म्हणजे कायद्याने घातलेली अखेरची रेषा आहे, त्यावर विसंबणे धोक्याचे. निर्णयाला सर्वसाधारणपणे पंधरा दिवस लागतात, तरी छाननीसाठी तो काळ पंचेचाळीस दिवसांपर्यंत वाढविण्याचा अधिकार वकिलातींना आहे. त्यातच नाताळच्या सुट्ट्या येतात. त्यामुळे नोव्हेंबरअखेर अर्ज दाखल होईल असे पाहावे.

व्हिसाचा अर्ज

बेल्जियमसह २९ देशांच्या शेंगेन गटात एकच अल्पमुदतीचा व्हिसा चालतो. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहण्याची मुभा त्यात असते. अर्ज मात्र ज्या देशात मुख्य मुक्काम आहे, त्याच देशाकडे करावा लागतो. ब्रुसेल्समध्ये चार दिवस आणि पॅरिसमध्ये दोन दिवस असा बेत असेल, तर अर्ज बेल्जियमकडेच. ‘अमुक देशाचा व्हिसा लवकर मिळतो’ अशा ऐकीव माहितीवर भलत्याच देशाकडे अर्ज करून नंतर बेल्जियमला जाणे हे फेटाळणीला निमंत्रण देण्यासारखे आहे. मुक्कामाचे दिवस सारखेच असतील, तर ज्या देशातून गटात प्रथम प्रवेश होतो तो देश ग्राह्य धरतात.

बेल्जियमचे अर्ज भारतात ‘व्हीएफएस ग्लोबल’ या कंपनीच्या केंद्रांत स्वीकारले जातात. ही केंद्रे कागदपत्रे आणि बोटांचे ठसे घेण्यापुरतीच असतात. निर्णय बेल्जियमच्या अधिकाऱ्यांचा असतो. एकदा दिलेले ठसे साधारणपणे ५९ महिन्यांपर्यंत पुढील अर्जांसाठी वापरता येतात. प्रौढांसाठी व्हिसाचे शुल्क ११ जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि केंद्राचे सेवाशुल्क त्याव्यतिरिक्त. अर्ज नामंजूर झाला तरी ही रक्कम परत मिळत नाही. २०२४ मध्ये भारतातून शेंगेन व्हिसासाठी सुमारे ११ लाख अर्ज झाले आणि त्यांतील साधारण १५ टक्के फेटाळले गेले, हे लक्षात घेतले म्हणजे कागदपत्रांच्या काटेकोरपणाचे महत्त्व पटावे.

अधिकाऱ्याला तीन प्रश्नांची उत्तरे हवी असतात : हा माणूस कशासाठी येतो आहे, त्याचा खर्च कोण करणार आहे आणि तो परत जाईल कशावरून? सर्व कागद या तीन प्रश्नांभोवती लावावेत.

पहिल्या प्रश्नासाठी एक पानाचे साधे पत्र लिहावे. मेळाव्याचे नाव, तारखा, स्थळ, प्रवेश विनामूल्य असून नोंदणीची पद्धत नाही ही वस्तुस्थिती, आपण कोणत्या प्रकल्पावर काम करतो आणि कोणत्या खोलीतील कार्यक्रमांना उपस्थित राहणार आहोत, एवढे त्यात असावे. सोबत कार्यक्रमपत्रिका उपलब्ध असल्यास तिची छापील प्रत आणि वक्ता असल्यास स्वीकृतीपत्र द्यावे. एखाद्या प्रकल्पाच्या संस्थेने आपल्या सहभागाविषयी पत्र दिले तर उत्तमच. कंपनी पाठवीत असताना ‘पर्यटन’ लिहिणे किंवा मेळाव्यासाठी जात असताना तो उल्लेखच टाळणे योग्य नव्हे. अर्जातील हेतू आणि सोबतच्या कागदांत विसंगती दिसली की संशय बळावतो.

दुसऱ्या प्रश्नासाठी बँकेचे गेल्या काही महिन्यांचे खातेउतारे, पगाराच्या पावत्या आणि प्राप्तिकर विवरणपत्रे लागतात. अर्जाच्या आठवडाभर आधी नातेवाईकांकडून आणून खात्यात भरलेली मोठी रक्कम मदत करण्याऐवजी शंका निर्माण करते. आई-वडील खर्च करणार असतील तर तसे त्यांचे पत्र आणि त्यांच्या उत्पन्नाचे कागद जोडावेत. तिसऱ्या प्रश्नासाठी नोकरदारांनी रजा मंजूर झाल्याचे व परतल्यावर कामावर रुजू होणार असल्याचे कंपनीचे पत्र, विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाचे पत्र आणि स्वतंत्र व्यावसायिकांनी व्यवसायनोंदणी व सुरू असलेल्या कामांचे करार द्यावेत.

प्रवासी वैद्यकीय विमा अनिवार्य आहे. त्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोंचे, सर्व शेंगेन देशांत लागू आणि मुक्कामाचे सर्व दिवस व्यापणारे असावे. परतीची तारीख एका दिवसाने पुढे गेली तरी विमा अपुरा पडतो, हे विसरू नये. विमानाचे तिकीट शक्यतो व्हिसा हाती पडल्यावरच पक्के विकत घ्यावे. अर्जाच्या वेळी आरक्षणाचा तपशील पुरतो. मात्र ते आरक्षण खरे आणि पडताळता येणारे असावे. निवासही रद्द करता येईल असा निवडावा. बनावट आरक्षणे करून देणाऱ्या मध्यस्थांच्या नादी लागू नये. त्याचे परिणाम एका अर्जापुरते राहत नाहीत.

अर्ज फेटाळला गेलाच, तर कारणे नोंदविलेले पत्र मिळते आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची तरतूदही असते. पुढील वेळी अर्ज करताना आधीची फेटाळणी लपवू नये. उलट व्हिसा मिळून नियमानुसार वापरला गेला, तर तो पुढच्या वेळी उपयोगी पडतो. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने भारतीयांसाठी मान्य केलेल्या व्यवस्थेनुसार, मागील तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून ते रीतसर वापरलेल्या प्रवाशाला दोन वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो आणि त्यानंतर पाच वर्षांचा. दरवर्षी मेळाव्याला जाणाऱ्यांच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे.

खर्चाचा मेळ

काही मुक्तस्रोत संस्था आपल्या योगदात्यांना प्रवासासाठी अर्थसाहाय्य देतात. ‘ग्नोम फाउंडेशन’ व ‘केडीई ई. व्ही.’ ही त्यांतील ठळक नावे. अशा साहाय्याचे स्वरूप बहुधा खर्चाची परतफेड असे असते, म्हणजे आधी पैसे खिशातून घालावे लागतात. त्यामुळे अर्ज वेळेत करावा, मंजुरी लेखी घ्यावी आणि तिकिटापासून ट्रामपर्यंतची प्रत्येक पावती जपून ठेवावी.

परकीय चलनाच्या नोटा भारतातून एका फेरीसाठी ३,००० डॉलरच्या मूल्यापर्यंतच घेता येतात. ब्रुसेल्ससारख्या शहरात एवढी रोकड लागतही नाही. थोडे युरो रोख आणि उरलेली रक्कम फॉरेक्स कार्डावर, अशी विभागणी सोयीची. नेहमीचे बँक कार्ड नेणार असाल तर त्यावरील आंतरराष्ट्रीय व्यवहार निघण्यापूर्वी सुरू करून घ्यावेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२० मधील निर्देशांनंतर ही सुविधा ग्राहकाने मागितल्याशिवाय सुरू नसते. दुकानातील यंत्राने ‘रुपयांत की युरोत’ असे विचारले तर युरो निवडावे, अन्यथा विनिमयाचा महागडा दर माथी मारला जातो. बँकेचा ओटीपी भारतातील मोबाइल क्रमांकावरच येतो; तेव्हा तेथे दुसरे सिमकार्ड घेतले तरी मूळ क्रमांकाचे रोमिंग चालू ठेवावे.

मार्ग निवडताना

तिकीट स्वस्त आहे म्हणून वाटेतील थांब्याकडे दुर्लक्ष करू नये. लंडनमार्गे जाताना भारतीय पासपोर्टधारकाला केवळ विमान बदलण्यासाठीही ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा लागतो आणि अल्पमुदतीच्या शेंगेन व्हिसामुळे ही अट सुटत नाही. दोन वेगवेगळी तिकिटे जोडून केलेल्या प्रवासात पहिले विमान उशिरा पोहोचले, तर दुसऱ्या कंपनीवर जबाबदारी राहत नाही. ब्रुसेल्सच्या नावाने दोन विमानतळ ओळखले जातात. मुख्य विमानतळ झावेन्टेम येथे असून तेथून रेल्वेने मध्यवर्ती स्थानक सुमारे वीस मिनिटांवर आहे. ‘ब्रुसेल्स साउथ शार्लरुआ’ मात्र शहरापासून पन्नासहून अधिक किलोमीटर दूर आहे आणि तेथून बसने तासाभराचा प्रवास करावा लागतो.

शेंगेन सीमेवर १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने नवी प्रवेश-निर्गमन नोंदणी प्रणाली लागू झाली. पासपोर्टवरील शिक्क्याची जागा छायाचित्र व बोटांच्या ठशांच्या संगणकीय नोंदीने घेतली आहे. पहिल्या नोंदणीला वेळ लागू शकतो, म्हणून पुढचे विमान पकडायचे असल्यास मध्ये पुरेसे अंतर ठेवावे. व्हिसा म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे. सीमेवरील अधिकारी पुन्हा चौकशी करू शकतो. यासाठी निवासाचे आरक्षण, विमा, परतीचे तिकीट आणि मेळाव्याची माहिती यांच्या छापील प्रती हातातील पिशवीत ठेवाव्यात, सामानाच्या पेटीत नव्हे.

सामानात काय असावे, काय नसावे

पॉवर बँक सामानाच्या पेटीत ठेवता येत नाही, ती हातातील पिशवीतच हवी. १०० वॉट-तासांपर्यंतच्या क्षमतेला सहसा विशेष परवानगी लागत नाही. २०,००० एमएएचची नेहमीची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-तासांची असते. ती विमानात वापरण्यास काही कंपन्यांनी मनाई केली आहे, तेव्हा आपल्या कंपनीचा नियम पाहून घ्यावा. परतताना एक लॅपटॉप आणण्यास सीमाशुल्क लागत नाही. दोन-तीन यंत्रे किंवा महागडा कॅमेरा नेणार असाल, तर जातानाच विमानतळावरील सीमाशुल्क कक्षातून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. म्हणजे परतल्यावर ‘हे तेथे विकत घेतले का’ हा वाद उद्भवत नाही.

बेल्जियममध्ये वीज २३० व्होल्टची, म्हणजे आपल्यासारखीच, खटका वेगळा. भिंतीतील खोबणीत भूसंपर्काची एक पिन बाहेर आलेली असते. आपला मोबाइलचा दोन पिनांचा बारीक प्लग तेथे बसतो, लॅपटॉपचा तीन जाड पिनांचा प्लग बसत नाही. त्यासाठी युरोपीय ॲडॅप्टर येथूनच न्यावा.

खाण्याच्या बाबतीत मराठी घरांतून होणारी चूक टाळावी. युरोपीय संघाबाहेरून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ प्रवाशांना नेता येत नाहीत. त्यामुळे पेढे, खव्याचे पदार्थ आणि तुपाचा डबा घरीच ठेवावा. कढीपत्ता, हिरव्या मिरच्या यांसारखा ताजा भाजीपालाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राविना चालत नाही. कोरडा चिवडा, चकल्या, भाजणीचे पीठ यांना अडचण येण्याचे कारण नाही. शाकाहारी वाचकांसाठी आणखी एक सूचना : बेल्जियमचे प्रसिद्ध बटाट्याचे ‘फ्रिट’ पारंपरिक पद्धतीने गोमांसाच्या चरबीत तळले जातात. वनस्पती तेल वापरणारी दुकानेही असतात, पण विचारूनच घ्यावे.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये तापमान शून्य ते सात-आठ अंशांच्या आसपास असते आणि पावसाची रिपरिप चालू असते. सूर्य सकाळी सव्वाआठनंतर उगवतो. एकाच जाड स्वेटरपेक्षा एकावर एक घालता येतील असे कपडे, पाणी न शिरणारे जाकीट आणि बूट उपयोगी पडतात. सभागृहांत गर्दीमुळे चांगलेच गरम होते. नेहमीची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्यावीत.

ब्रुसेल्समध्ये पोहोचल्यावर

भारतीय वेळ बेल्जियमच्या हिवाळी वेळेपेक्षा साडेचार तास पुढे आहे. शुक्रवारी सकाळपर्यंत पोहोचल्यास शरीराला एक दिवस मिळतो आणि त्या संध्याकाळी होणाऱ्या अनौपचारिक भेटींतही सहभागी होता येते. मेळाव्याला जोडून आधी-नंतर लहान परिषदा होतात. त्यांपैकी ‘कॉन्फिग मॅनेजमेंट कॅम्प’ जवळच्या गेन्ट शहरात भरते. व्हिसाचे दिवस आणि विमा यांचा हिशेब करताना ही भर आधीच धरावी.

शहरात फ्रेंच आणि डच या दोन्ही भाषा अधिकृत असल्याने एकाच स्थानकाला दोन नावे असतात. ‘ब्रुसेल-मिदी’ आणि ‘ब्रसल-झाउद’ ही एकाच दक्षिण स्थानकाची नावे आहेत, हे ठाऊक नसल्याने नवखा प्रवासी गोंधळतो. सोल्बॉश आवाराकडे ७१ क्रमांकाची बस आणि ८ क्रमांकाची ट्राम जाते. भाडे संपर्करहित बँक कार्डानेही देता येते. दक्षिण स्थानकाच्या परिसरात आणि गर्दीच्या गाड्यांत पाकीटमार, बॅगचोर असतात. एकाने पत्ता विचारायचा आणि दुसऱ्याने पिशवी उचलायची, ही तेथील जुनी युक्ती. लॅपटॉपची पिशवी पायाशी ठेवली तरी तिचा पट्टा पायात अडकवावा. चोरी झालीच तर पोलिसांत तक्रार नोंदवून प्रत घ्यावी, कारण तिच्यावाचून विम्याचा दावा उभा राहत नाही. पासपोर्ट हरवल्यास ब्रुसेल्समधील भारतीय दूतावासाकडून परतीसाठी तातडीचे प्रमाणपत्र मिळू शकते. पासपोर्ट व व्हिसाच्या छायाप्रती वेगळ्या जागी ठेवल्या असतील तर हे काम सुकर होते. आणीबाणीचा दूरध्वनी क्रमांक ११२.

मेळाव्यात एकाच वेळी डझनावारी खोल्यांत कार्यक्रम चालू असतात. खोली भरली की दारावर तशी पाटी लागते आणि मग कोणालाही आत सोडत नाहीत. हव्या त्या व्याख्यानासाठी आधीचे व्याख्यान सुरू असतानाच जाऊन बसावे किंवा ते चित्रमुद्रणात पाहण्याचे ठरवून तो वेळ भेटीगाठींना द्यावा. तेथील वायफायचे मुख्य जाळे केवळ आयपीव्ही-६ पद्धतीचे असते. कंपनीचे जुने व्हीपीएन त्यावर अडते. अशा वेळी पर्यायी ‘ड्युअल-स्टॅक’ जाळे निवडावे. आपले सादरीकरण मात्र इंटरनेटवर न ठेवता यंत्रातच साठवून न्यावे.

या सगळ्या खटाटोपात प्रोग्रॅमिंगचा भाग किती थोडा आहे, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. ज्याचे काम जगभर वापरले जाते, अशा तरुणालाही आपल्या हेतूचा पुरावा कागदावर द्यावा लागतो. नियम बदलणे त्याच्या हाती नाही. कागद वेळेत आणि खरे देणे मात्र आहे. नियम व शुल्क यांत फेरबदल होत असल्याने अर्ज भरण्याच्या दिवशी वकिलातीच्या संकेतस्थळावरील माहिती पुन्हा एकदा तपासावी आणि गणपतीच्या सुट्टीत पासपोर्टचे छायाचित्र असलेले पान उघडून मुदतीची तारीख पाहावी. पुढील सर्व कामे त्या तारखेवर अवलंबून आहेत.